मावळ्याची स्लीपर आणि मसूर स्टेशनातले नवे जोडे

मध्यंतरी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो फिरत होता. कुठल्याशा ऐतिहासिक मालिकेतला प्रसंग. गडाचा दरवाजा, पेटलेल्या मशाली, भाले घेतलेले मावळे, आणि उजव्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका मावळ्याच्या पायात निळ्या पट्ट्याची स्लीपर. कुणीतरी त्या स्लीपरभोवती लाल गोल काढला होता. खाली हसण्याच्या इमोज्यांचा पाऊस. "रायगडावर बाटाचं दुकान होतं काय?" वगैरे. आम्हीही हसलो. नाही कशाला म्हणा?

हसण्यासारखंच आहे ते. रबर उष्णतेने टिकाऊ करण्याची युक्ती चार्ल्स गुडइयरला सापडली १८३९ साली. शिवराय गेले १६८० साली. पेशवाई बुडाली १८१८ साली. म्हणजे शिवकाळ राहू द्या, दुसऱ्या बाजीरावाच्या पायातसुद्धा रबरी तळव्याची चप्पल असणं शक्य नव्हतं. ती अंगठ्यात पट्टा अडकवायची हवाई चप्पल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची वस्तू. कधी मोजडीच्या मागे चकचकीत वेल्क्रो दिसतो, त्याचं पेटंट १९५५ चं. आणि ज्यांना आणखी बारकाईत शिरायचं असेल त्यांनी मालिकेतल्या मोजड्यांचा आकार बघावा. जुन्या देशी मोजडीत डावा-उजवा भेदच नसायचा. दोन्ही नग सारखे, घालून घालून ज्या त्या पायाचा आकार घ्यायचे. पडद्यावरच्या मोजड्या मात्र कारखान्यातल्या फर्म्यावरून उतरलेल्या, डावी डावी आणि उजवी उजवी.

हे सगळं खरं. पण दोन दिवसांनी तो लाल गोल आम्हाला बोचायला लागला. तो गोल कुणाभोवती काढला होता? त्या प्रसंगातल्या राजाभोवती नाही, सेनापतीभोवती नाही. मागच्या रांगेतल्या ज्युनिअर आर्टिस्टभोवती. ड्रेपरीवाल्याकडून अंगरखा मिळतो, पागोटं मिळतं, कमरेचा शेला मिळतो. पायातलं मिळेलच असं नाही. मागच्या रांगेचे पाय कॅमेऱ्यात येत नाहीत असं धरून चालतात. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या फरशीवर बारा बारा तास उभा राहणारा तो पोरगा स्वतःच्या स्लीपरवर उभा होता. असली पोरं कुठल्या वस्त्यांतून येतात हे आम्हाला माहीत आहे, कारण त्यातली काही आमच्याच वस्तीतली आहेत. त्याची ती स्लीपर ही त्या अख्ख्या सेटवरची एकमेव खरी वस्तू होती म्हटलं तरी चालेल. मित्रहो, तिला हसणं सोपं आहे. आमचं म्हणणं वेगळं आहे. त्या चित्रात याहून मोठी चूक होती आणि तिच्याभोवती कुणीच लाल गोल काढला नाही.

ती चूक अशी. मालिकांमधल्या सतराव्या, अठराव्या, एकोणिसाव्या शतकातल्या गावांत सगळे सगळीकडे पायात घालून फिरतात. वाड्याच्या अंगणात, देवळाच्या वाटेवर, चावडीसमोर. पाटील पायात घालून आहे, त्याचा गडी पायात घालून आहे, निरोप घेऊन आलेला येसकर पायात घालून आहे. कुणी कुणाला अडवत नाही. कुणी वेशीपाशी थांबून वाकत नाही. जणू महाराष्ट्राच्या रस्त्यांवर जात कधी चाललीच नाही. शत्रूच्या गोटातलं कारस्थान असतं, भाऊबंदकी असते, विषप्रयोग असतो, सगळं असतं. फक्त कुणी कुठल्या गल्लीतून कसं चालायचं हा नियम नसतो. आणि तो नियम हाच तर त्या काळाचा खरा पोशाख होता.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये पेशव्यांच्या पुण्याचं वर्णन केलं आहे. अस्पृश्याने कमरेला झाडू बांधायचा, म्हणजे त्याच्या पावलांचे ठसे त्याचे तोच पुसत जाईल. गळ्यात मडकं, म्हणजे थुंकी जमिनीवर पडणार नाही. पावलाचा ठसासुद्धा जिथे बाटवणारा, तिथे पायात काय घातलं होतं हा प्रश्न साधा पोशाखाचा राहतो का? तमिळ भागातल्या रामनाद जिल्ह्यात डिसेंबर १९३० मध्ये कल्लर जातीच्या लोकांनी आदिद्रविडांवर आठ बंधनं लादली. सोन्याचांदीचे दागिने नको, गुडघ्याखाली वस्त्र नको, सदरा नको, बायकांनी छाती झाकायची नाही. आठव्या बंधनात दोन गोष्टी एकत्र होत्या: पुरुषांनी छत्री वापरायची नाही आणि पायात वहाणा घालायच्या नाहीत. हटन या इंग्रज अधिकाऱ्याने जातिसंस्थेवरच्या आपल्या ग्रंथात ही यादी नोंदवून ठेवली आहे. छत्री आणि वहाण. वर ऊन लागलंच पाहिजे, खाली चटका बसलाच पाहिजे. केवढा विचार करून केलेली व्यवस्था आहे बघा!

कुणी म्हणेल, जुन्या गोष्टी आहेत. जून २०१८ मध्ये गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या बहुचराजीला तेरा वर्षांच्या एका दलित मुलाला मारहाण झाली, कारण त्याने मोजडी घातली होती. २०२३ च्या डिसेंबरात तमिळनाडूच्या तिरुप्पूर जिल्ह्यात, मडत्तुकुलम तालुक्यातल्या एका गावात साठेक दलित माणसं एकत्र जमून सवर्णांच्या गल्लीतून पायात चपला घालून चालली. पहिल्यांदा. चंद्रावर आपलं यान उतरून चार महिने झाले होते.

आता घरातली गोष्ट सांगतो. सांगावी की नाही यावर बराच विचार केला.

आमचे आजोबा माणदेशातले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. ही रेजिमेंट १९४१ साली बेळगावात उभी राहिली, तेव्हा गावोगावची आपली तरुण पोरं तिकडे धावली होती. आजोबा पहिल्या सुट्टीवर गावी आले ते खाकी कपड्यात आणि सरकारी बुटात. जाड कातड्याचे, टाचेला लोखंडी नाल ठोकलेले बूट. आमच्या लहानपणी त्यांनी ती गोष्ट पन्नास वेळा सांगितली असेल. वेशीत पाटलाची माणसं बसली होती, त्यांनी बूट काढ म्हणून दरडावलं, आणि आजोबा म्हणाले, "हे माझे न्हाईत, सरकारचे हायेत. काढायचे तर सरकारला इचारा." आणि टाचा आपटत ते चालत राहिले. ही गोष्ट ऐकताना आमची छाती फुगायची. शाळेत कुणी काही बोललं की आम्ही मनात त्या टाचांचा आवाज ऐकायचो.

आजोबा गेले. वर्षश्राद्ध वगैरे आपल्यात नाही, पण पुण्यानुमोदनाला सगळे जमले होते. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही ती गोष्ट पुतण्यांना सांगायला लागलो. आजी भिंतीला टेकून बसली होती. ती मध्येच म्हणाली, "आरं कशाचं आलंय. येशीच्या आधीच काढलं व्हतं त्यानं. नाड्या बांधून गळ्यात आडकावलं आन् आला तसाच अनवाणी. म्या बघितलंय की."

कुणी काही बोललं नाही. आजीने पानाचा डबा उघडला.

आम्हाला त्या रात्री राग आला होता, हे कबूल केलं पाहिजे. आजोबांचा नाही, आजीचा. एवढी वर्षं गप्प बसली, मग आताही बसायचं होतं. पुढे समज आली तसं वेगळं दिसायला लागलं. विशीतला एक माणूस. इंग्रज सरकारने त्याच्या हातात बंदूक दिली आहे, पायात बूट दिले आहेत. तो माणूस स्वतःच्या गावाच्या वेशीपाशी बाभळीखाली बसतो, नाड्या सोडतो, बूट गळ्यात घालतो. कारण आत आई आहे, दोन बहिणी आहेत आणि त्याची सुट्टी संपल्यावर त्यांना याच गावात राहायचं आहे. यात भित्रेपणा किती आणि हिशोब किती? आणि मग उरलेलं आयुष्यभर तो नातवंडांना जी गोष्ट सांगतो, ती खोटी म्हणायची की व्हायला हवी होती ती म्हणायची? हा प्रसंग कुठल्या मालिकेत आला, तर आम्ही टीव्हीसमोरून उठणार नाही. पण येत नाही. मालिकेत एकतर सगळे पायात घालून सुखाने फिरतात, नाहीतर नायक टाचा आपटत जातो आणि पार्श्वसंगीत वाजतं.

दुसरी चूक याच्या नेमकी उलट आहे आणि ती आपल्याही लक्षात येत नाही. आपला माणूस पडद्यावर आला की तो अनवाणी, फाटका, धुळीने माखलेला असतो. मालिका असो, सिनेमा असो, शाळेच्या गॅदरिंगमधली नाटुकली असो. बालभीम म्हटलं की अंगात ठिगळाचा सदरा आणि उघडे पाय. आपल्याच वस्तीतल्या जयंतीच्या देखाव्यात आपणही तसाच उभा करतो. आता 'व्हिसाच्या प्रतीक्षेत' काढा. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी आहेत त्या. पहिलीच आठवण १९०१ सालची. सुभेदार रामजी तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. तळं खोदण्याचं काम सुरू होतं. त्यांनी साताऱ्याहून मुलांना सुट्टीत बोलावून घेतलं. लहानगा भीम, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुलं. प्रवासासाठी खास तयारी झाली. इंग्रजी पद्धतीचे नवे सदरे, चमकदार टोप्या, रेशीमकाठी धोतरं आणि नवे जोडे. होय, नवे जोडे. स्वतः बाबासाहेबांनी नोंदवून ठेवले आहेत.

मसूर स्टेशनात उतरल्यावर न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तर चौकशीला आला. मुलांचा पोशाख बघून त्याला ती ब्राह्मणाची मुलं वाटली होती. भीमाच्या तोंडून सहज निघून गेलं की आम्ही महार. मास्तरचा चेहराच बदलला. तो आपल्या खोलीत निघून गेला. मग बैलगाडीवाला मिळेना, मिळाला तो दुप्पट भाड्यावर, आणि त्यातही गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूने चालणार. पुढची रात्रभराची तहान आपल्याला माहीत आहे.

या प्रसंगाचा सगळा जीव त्या नव्या जोड्यांत आहे. मुलं अनवाणी असती, फाटकी असती, तर मास्तर जवळ आलाच नसता आणि त्याचा चेहरा बदलण्याचा प्रश्नच आला नसता. जात गरिबीमुळे चिकटते असं आजही कॉलेजात आपल्याला सांगणारे भेटतात. "आर्थिक निकषावर द्या की आरक्षण" म्हणतात. त्यांना मसूरच्या फलाटावरचे ते चार नवे जोड दाखवा. खजिनदाराची मुलं होती ती. जोडे नवे होते, टोप्या चमकत होत्या आणि पाणी मिळालं नाही. पण बालभीमाचे जोडे काढून घेतले की प्रसंग सोपा होतो. बघणाऱ्याला दया येते, डोळ्यात पाणी येतं, आणि मग तो जाहिरातींनंतर दुसरी मालिका बघायला मोकळा. दया दाखवणं परवडतं. जोडे घातलेल्या मुलाला पाणी का मिळालं नाही, याचं उत्तर देणं परवडत नाही.

म्हणून आपल्या लोकांनी पोशाखाचा प्रश्न कधीच वरवरचा मानला नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या बायकांना लुगडं कसं नेसायचं, कुठले दागिने टाकून द्यायचे हे सांगितलं, आणि बायकांनी लगेच नेसण बदललं. फलटण भागातल्या महार बायकांना लुगड्याचे काठ निऱ्यांत दडवून नेसावं लागे, हे बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' मध्ये आहे. आणि बाबासाहेबांचे आपल्या वस्त्यांतले पुतळे बघा. सूट, टाय, हातात संविधान आणि पायात बूट. गावाकडचा साधा मूर्तिकार असला तरी बुटाची नाडी कोरायला विसरत नाही. त्याला कुणी सांगावं लागत नाही.

आमच्या स्वतःच्या लहानपणाबद्दल बोलायचं तर आमचा पहिला जोड म्हणजे प्लॅस्टिकचा सॅंडल, तपकिरी, मध्ये बक्कल. पावसाळ्यात आत चिखल जायचा आणि चालताना पचक पचक आवाज यायचा. उन्हाळ्यात तोच सॅंडल तापून घोट्याला फोड आणायचा. पुढे स्लीपर आली. स्लीपरचा पट्टा तुटला की खालून सेफ्टी पिन. पिन गंजली की दुसरी पिन. स्लीपर टाचेखाली झिजून भोक पडेपर्यंत चालायची, आणि मग ती लहान भावाला मिळायची, कारण त्याची टाच अजून त्या भोकापर्यंत पोचत नसे. बाबा नवं काही घेताना नेहमी एक नंबर मोठं घ्यायचे. "पाय वाढतोय," म्हणायचे. पाय वाढायचा, पण तोवर पुढच्या बाजूला कागदाचा बोळा कोंबून चालावं लागे. आमच्या पिढीतल्या किती जणांनी रद्दी पेपरचे बोळे घालून शाळा काढली असेल, मोजदाद नाही.

सातवीतली गोष्ट. पंधरा ऑगस्टच्या संचलनासाठी पांढरे कॅनव्हासचे बूट सक्तीचे झाले. आमच्याकडे एका नातलगाचे जुने होते, पिवळे पडलेले. पांढरं पॉलिश कुठून आणणार? वर्गातल्या खडूचे तुकडे गोळा केले, ते ओले करून रात्री बुटांवर घासले. सकाळी मस्त पांढरेशुभ्र दिसत होते. सहाला प्रभातफेरी निघाली आणि पाऊस आला. पांढरे ओघळ मोज्यांवर उतरले. गुरुजींनी सगळ्यांदेखत रांगेतून बाहेर काढलं आणि म्हणाले, "ह्यांना कितीही द्या, राहणार तसेच." बूट शाळेने दिले नव्हते, ही गोष्ट वेगळी. ते "ह्यांना" कोण, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पायातल्या वस्तूवरून जात ओळखली जाते हे आम्ही कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

जयंतीला मात्र नवी चप्पल मिळायची. चौदा एप्रिल. दिवाळीला नाही मिळायची, जयंतीला मिळायची. मिरवणुकीत नाचताना ती हरवू नये म्हणून आई पट्ट्याला सुतळी बांधून द्यायची. तरी हरवायचीच. दुसऱ्या दिवशी विहारासमोर हरवलेल्या चपलांचा ढीग पडलेला असायचा आणि आम्ही त्यात डाव्याला उजवा शोधत बसायचो.

आता तिसरी गोष्ट, आणि ही सर्वांत जास्त अंगावर येणारी आहे. पडद्यावर एवढे जोडे, एवढ्या वहाणा, पण ते करणारा कुठे आहे? गावगाड्यात चांभार हा बलुतेदार. त्याने वहाणा करायच्या, शिवायच्या, विहिरीवरची कातड्याची मोट दुरुस्त करायची, आसूड करायचे. कातडं कमावणारा ढोर वेगळा. मेलेलं जनावर ओढून नेणारा महार वेगळा. दोर वळणारा मांग वेगळा. एका वहाणेमागे तीन-चार जातींचे हात आणि चारही गावाच्या कडेला. हिरडा आणि बाभळीची साल घालून दिवसचे दिवस कातडं मुरवायचं, त्याचा वास अंगाला चिकटायचा, आणि त्या वासाला नाक मुरडत माणसं तीच वहाण घालून देवळाच्या पायरीपर्यंत जायची. वहाण चालते, वहाण करणारा चालत नाही. ऐतिहासिक मालिकांत सोनार दिसतो, कारण दागिने दाखवायचे असतात. लोहार दिसतो, कारण तलवारी दाखवायच्या असतात. आरी-रापी घेऊन बसलेला चांभार किती मालिकांत बघितलात, आठवून बघा.

हे आजचंही चित्र आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला कुठलंही नाव न घेता चालवल्या, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राची अस्मिता जागी झाली. बरं झालं. पण त्याच महाराष्ट्रात २०१५ साली गोवंश हत्याबंदी झाल्यावर बैलाचं कातडं मिळेना, कारागिरांचे हाल झाले, तेव्हा ही अस्मिता कुठे होती? ११ जुलै २०१६ ला उनामध्ये मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून फोडून काढलं, तेव्हा कोल्हापुरीवर प्रेम करणाऱ्यांपैकी किती जण बोलले? चप्पल आपली संस्कृती आणि कातडं मात्र तुमचं पाप, असा हा सौदा आहे.

याच धंद्याने दुसरीकडे काय घडवलं तेही तरुणांनी वाचलं पाहिजे. आग्र्याचे जाटव. ज्या कामासाठी त्यांना हिणवलं गेलं त्याच चामड्याच्या जोरावर त्यांनी कारखाने काढले, जोड्यांचा व्यापार केला, पैसा उभा केला, आणि त्या पैशातून शाळा, संघटना, आंबेडकरी राजकारण उभं राहिलं. बाबासाहेब १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याला गेले तेव्हा त्यांच्यासमोर बसलेल्या जनसमुदायात जोडे करणारे हजारो हात होते. यावर एक मालिका निघू शकते. पन्नास भागांची. कुणी काढणार आहे?

इथे आपल्याच लोकांना चार शब्द ऐकवायचे आहेत. आपण अधूनमधून "जोडे मारो" आंदोलन करतो. कुणाच्या फोटोला चपलांचा हार घालतो. राग समजतो, आम्हीही त्यात उभे राहिलो आहोत, हातात चप्पल घेऊन. पण चप्पल मारणं अपमानाचं का, याचा विचार केला आहे का? पुरुषसूक्तात शूद्र पायांपासून जन्मला म्हणून पाय हलका. कातडं विटाळाचं म्हणून जोडा हलका. "पायातली वहाण पायातच बरी" ही म्हण बायकांसाठी आणि आपल्यासाठीच बनली आहे. तो सगळा अर्थ मान्य केला तरच चपलेचा हार हा अपमान ठरतो. २०१५ च्या दुरुस्तीने अॅट्रॉसिटी कायद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला पादत्राणांचा हार घालणं हा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिला गेला. ती आपल्या लोकांवर होणारी गोष्ट आहे म्हणून लिहिला गेला. मग तेच हत्यार, त्याच व्याकरणासकट, आपण का उचलायचं? शिवाय आंदोलनात आपल्याबरोबर चर्मकार समाजाची पोरं असतात. त्यांच्या बापाने केलेली वस्तू आपण शिवी म्हणून वापरतो, आणि वर एकजुटीच्या घोषणा देतो. एका कार्यकर्त्याने आम्हाला हे तोंडावर विचारलं होतं. तेव्हा आम्ही विषय बदलला होता.

"मनोरंजन आहे हो, एवढं कशाला ताणता" असं म्हणणारे येतीलच. त्यांना एवढंच विचारायचं की मनोरंजनात तलवारीच्या मुठीचा आकार चुकला, जिरेटोपाचा तुरा चुकला, तर निषेधाची पत्रकं कोण काढतं? तिथे इतिहास असतो आणि पायापाशी आला की मनोरंजन होतं, असं कसं? आमची मागणी फार मोठी नाही. मालिकांनी आपल्या संशोधन समितीत कातड्याचं काम जाणणारा एक माणूस घ्यावा. गाव दाखवायचं तर वेस दाखवावी आणि वेशीत काय व्हायचं ते दाखवावं. आपल्यावरच्या मालिकाही यातून सुटत नाहीत. २०२० मध्ये आलेली 'सावित्रीजोती' वर्षाच्या आतच बंद पडली, तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी ती रोज बघितली होती? स्क्रीनशॉटवर लाल गोल काढायला मात्र आपण पुढे असतो.

आजोबांचे ते सरकारी बूट पुढे नांगरटीला वापरले गेले. कातडं फाटलं, मग त्यातला एक बरा तुकडा मोटेला ठिगळ म्हणून लागला. टाचेचे लोखंडी नाल तेवढे राहिले. त्यातला एक आत्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत आहे. यंदा जयंतीला आम्ही वस्तीच्या वाचनालयात पायात घालायच्या जुन्या वस्तूंचं एक छोटं प्रदर्शन मांडतो आहोत. आत्याने नाल द्यायचं कबूल केलं आहे, फक्त त्याच्याखाली कुठली गोष्ट लिहायची यावरून घरात अजून वाद चालू आहे. कुणाकडे आजोबांची वहाण असेल, मिलमधला बूट असेल, सफाई कामावर कधीच न मिळालेल्या गमबुटाचा अर्ज असेल, पिन लावलेली स्लीपर असेल, तर घेऊन या. एकच नग उरला असेल तरी चालेल.

जय भीम.